घरातले निर्णय कोण घेतं?

संशोधक मॅडमना नमस्कार,

गरिबीच्या पाहणीसाठी तुम्ही मोशीत आमच्या घरी आलात, तेव्हा मी ह्यांना एक उत्तर खोटं द्यायला लावलं. "घरातले निर्णय कोण घेतं?" असं तुम्ही विचारलंत. हे माझ्या कानाशी लागले, "काय सांगू गं?" मी कुजबुजले, "मीच घेतो, म्हणा." तुम्ही तसं लिहून घेतलंत.

ह्यांनी ते फारच मनावर घेतलं. परवा मला न विचारता चाकणच्या बाजारातून म्हैस आणली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, मॅडम!

आता हे पार्किंगमध्ये धार काढतात, सोसायटीच्या चेअरमनशी भांडतात आणि गाणं गुणगुणत वर येतात. कंपनीनं घरी बसवल्यापासून ह्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. म्हणून ते उत्तर तुमच्या कागदावर तसंच राहू दे, हे पत्र पाठवायचं नाही, असं मी ठरवलंय.

आपली,
शकुंतला, बी विंग