कुलूप माझं होतं

प्रिय फिरकीबहाद्दर,

हे पत्र मी चौथ्यांदा सुरू करतेय. आधीच्या तिन्ही वेळी दुसऱ्या परिच्छेदापाशी उठले. गॅस बंद आहे ना ते पाहिलं, इस्त्रीचं बटण पाहिलं, पंख्याचंही पाहिलं, आणि पंखा तर चालूच असायला हवा होता. परत येऊन कागद फाडला. आज ठरवलंय की उठावंसं वाटलं तर कागद बरोबर घेऊनच उठायचं. त्यामुळे अक्षर मध्येच वाकडं झालं तर चालवून घे. माझ्या अक्षराचं तुला फार कौतुक. त्या अक्षरात मी सगळ्यांच्या चुका लिहून ठेवते म्हणून तर तू मला हेडबाई म्हणायला लागलास.

आधी बातमी. तुझा अर्ज कारखान्यात पोचला. नव्या लोकांना शिकवण्याचं काम द्यावं, असं तू लिहिलंयस. ‘एका हाताने फिटरचं काम जमणार नाही, पण दोन हातवाल्यांनी काय करू नये हे मी चांगलं सांगू शकेन,’ हे वाक्य सरकारी छापाच्या अर्जात घालणारा तूच. समितीत कुणी हसलं नाही म्हणे. गुरुवारी ते निर्णय घेतील. त्यांची अडचण एकच आहे. चौकशीच्या कागदात तू न विचारता दुसऱ्याचं कुलूप वापरलंस असं आहे, आणि ज्याने नियम मोडला त्याने नियम कसे शिकवायचे, असा त्यांचा सवाल. त्या पाळीची प्रमुख म्हणून माझं मत मागितलंय. अर्धं पान, खाली सही. तो कोरा कागद आठ दिवस माझ्या पर्समध्ये फिरत होता.

तू वहिनींकडून दोनदा निरोप पाठवलास, मी कशी आहे म्हणून. मी ‘मजेत’ म्हणून कळवलं. मजेत नव्हते. तुला अपघात झाला, चार महिने तू दवाखान्यात काढलेस आणि आजारी मी, हे सांगायची लाज वाटत होती. पण आहे खरं. कुठेही लोखंडावर लोखंड आपटलं की माझे हात आधी गार पडतात, मग मी कुठे आहे तेच कळेनासं होतं. मागच्या महिन्यात भाजीच्या दुकानात शेजारच्याने शटर ओढलं. मी थेट कांद्याच्या पोत्यांमागे खाली बसले. दुकानदार वाकून म्हणाला, “काही पडलं का हो ताई?” मी म्हटलं, “हो, मीच.” तो हसला, मीही हसले, पण पाच मिनिटं उठता येईना. त्याने काही न विचारता पाण्याचा पेला पुढे केला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला टोमॅटो मोजून देत राहिला. त्या माणसाचे उपकार विसरणार नाही.

(इथे उठले होते. आता डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. माझा नंबर चौथा आहे.)

या डॉक्टरबाई मनाच्या. माझ्या आजाराचं नाव इतकं लांब आहे की पहिल्या दिवशी ऐकून मला बरंच वाटलं, निदान कुणीतरी त्याला नाव देण्याइतकं ओळखतं म्हणून. त्या म्हणाल्या, घडून गेलेली गोष्ट अजून घडतेच आहे असं तुमच्या शरीराला वाटतंय. त्याला पटवायला वेळ लागेल. त्यांची औषधं चालू आहेत, आणि जोडीला आहे माझा मामा. तो तत्त्वज्ञान शिकवायचा, आता निवृत्त आहे आणि घरच्यांना शिकवतो. त्याने मला स्टोइकांच्या नादी लावलं. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे ग्रीक-रोमन विचारवंत. तुला कंटाळा येणार, पण दोन ओळी वाच. त्यांचं म्हणणं असं की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, आणि माणूस निम्मं आयुष्य त्यांची सरमिसळ करण्यात घालवतो. घडून गेलेलं हातात नाही. लोक काय म्हणतील ते नाही. आपण आत्ता काय करतो, काय बोलतो, ते आहे. दुसरं असं की कानावर पडतो तो फक्त आवाज. ‘आता कुणीतरी मरणार’ हे आपण त्याला चिकटवतो.

थट्टा करू नकोस, उपयोग झाला. आवाज आला की मी मनात म्हणते, शटर. एवढंच. लोखंडी पत्रा, खाली आला. हात गार पडतात ते पडतातच, त्यांना माझा सल्ला मान्य नाही. पण त्यानंतर मी काय करते यात थोडी जागा मिळते. गेल्या आठवड्यात कारखान्यात डब्बा पडला तेव्हा मी जागची हलले नाही. घामाघूम झाले, पण उभी होते. डॉक्टरबाईंना हे अभिमानाने सांगितलं तर त्या म्हणाल्या, “छान. पण दगड व्हायचं नाहीये हं तुम्हाला.” मला त्यांचा जरा रागच आला.

मामाने आणखी एक सवय लावली. रोज दिवस संपताना वहीत तीन गोष्टी लिहायच्या: आज काय चुकलं, काय बरं केलं, काय राहिलं. मी कॉलेजपासून डायरी लिहितेय, मला काय अवघड! अकरा महिने झाले, एक दिवस चुकला नाही. स्टोअरच्या माणसावर ओरडले, लिहिलं. शेजारणीला भेटायला जायचं टाळलं, लिहिलं. बसमध्ये म्हाताऱ्याला जागा द्यायला दोन थांबे उशीर केला, तेही लिहिलं. शिवाय दोन रकाने, माझ्या हातातलं आणि हाताबाहेरचं. मामाने एकदा वही मागितली. मी कौतुकाची वाट बघत बसले. तो पानं उलटत राहिला आणि म्हणाला, “फारच नीटनेटकं आहे गं. खऱ्या माणसाची वही अशी नसते.” मी म्हटलं, “म्हणजे खोटं लिहिलंय?” तर म्हणतो, “नाही. एवढं झाडलंय की कुठली खोली झाडायची राहिलीय ते कळत नाहीये.”

मी चहा न घेता निघाले. सबंध रस्ताभर त्याच्याशी मनात भांडत होते. खूप चालले त्या दिवशी, आमचं घर मागे टाकून पुढे गेले, परत फिरले.

(तपासून झालं. डॉक्टरबाईंना काही सांगितलं नाही, फक्त एक पत्र लिहितेय म्हटलं. आता बागेतल्या बाकावर आहे. इथे एक माणूस सारखी मोटरसायकल सुरू करतोय आणि ती सुरू होत नाहीये. मी लिहितेय, उठलेली नाही.)

तुला माहीत नसेल, नव्यांना पहिल्या दिवशी सुरक्षेचा धडा हल्ली मी देते. माणूस मावेल एवढ्या त्या मोठ्या मिक्सरच्या आत उतरायचं तर आधी स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप लावायचं, कुलुपाला आपलं नाव आणि फोटो. किल्ली आपल्या खिशात. बाहेर येऊन ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही, साक्षात मालक आला तरी. मग मी त्यांना तुझी गोष्ट सांगते. नाव घेत नाही. एका फिटरची किल्ली घरी राहिली. त्याने प्रमुखाच्या टेबलावरचं उघडं कुलूप न विचारता नेलं, खटकन दाबून लावलं आणि आत उतरला. प्रमुख तिथे आली. स्विचवर तिचंच कुलूप. तिला वाटलं, सकाळी आपणच काढायचं विसरलो. कुलूप तिचं, म्हणजे आत ती, आणि ती तर बाहेर उभी. मग आत बघायचं कशाला? तिने कुलूप काढलं. ऑपरेटरने बटण दाबलं.

इथे मी थांबते. मग मी विचारते, चूक कुणाची? दर वेळी कुणीतरी म्हणतं, फिटरची. नऊ वेळा हा धडा दिला. नऊही वेळा मी मान डोलावली.

महिन्यापूर्वी वहिनी बँकेत भेटल्या. मला बघून रांग सोडून आल्या, दंडाला धरलं आणि म्हणाल्या, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, हे अजून घोकत बसतात, एका शब्दाने हेडबाईंना विचारलं असतं तर. त्या सकाळचं तुला काहीच आठवत नाही हेही त्यांनी सांगितलं. घरातून निघाल्यापासून दवाखान्यात डोळे उघडेपर्यंत सगळं कोरं. म्हणून सगळे म्हणतात तेच खरं असणार असं तू धरून चाललायस. मी त्यांना म्हटलं, काळजी घ्या. एवढंच.

त्या दिवशीच्या वहीत काय लिहिलं असेल मी? ‘वहिनींशी नीट बोलले नाही.’ चुकलेल्याच्या रकान्यात, आणि खाली रेघ.

आता ते सांगते ज्यासाठी हे पत्र आहे. तू विचारलं होतंस. सव्वादहाला. मी स्टोअरशी फोनवर बेअरिंगवरून भांडत होते. तू दारात आलास, माझं कुलूप बोटात गरगर फिरवत म्हणालास, “हेडबाई, तुमचं नेतोय, माझी चावी घरी राहिली. वीस मिनिटात बाहेर येतो, तुम्ही या आणि स्वतःच्या हाताने काढा.” मी फोनवर हात ठेवला, तुझ्याकडे बघितलं आणि म्हटलं, “हं, ने.” फोन ठेवेपर्यंत विसरले. नियम दोघांनी मोडला, पण सांगून मोडणारा तू, हो म्हणणारी मी आणि विसरणारीही मी. चौकशीत मी ‘आठवत नाही’ म्हणाले. सगळं आठवत होतं, तुझ्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा. विसरणं माझ्या हातात नव्हतं, हे मला अजूनही पटतं. गप्प बसण्याचा प्रत्येक दिवस मात्र माझ्या हातात होता. काल सकाळी हे सगळं लिहायला तो अर्धा कागद पुरला नाही, मागे आणखी दोन जोडून व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवले. आधी तुला विचारलं असतं तर तू ‘जाऊ दे हेडबाई’ म्हणाला असतास आणि मी ते आनंदाने ऐकलं असतं, म्हणून नाही विचारलं. सोमवारी मला बोलावलंय. माझं काय करतील माहीत नाही. तू माझ्याशी पुन्हा बोलशील का तेही माहीत नाही, आणि बोल असं मी म्हणणार नाही. फक्त आजपासून घोकायचं बंद कर. तू विचारलं होतंस रे. मी हो म्हटलं होतं.

तुझीच,
हेडबाई