भिंतीपलीकडचा तिसरा खंड

ती. भावोजींस,

साष्टांग नमस्कार (भिंतीकडे तोंड करून घातला आहे). तुमची प्रकृती बरी असावी. खोकला उतरल्याचं इकडे ऐकू येतं. ताईला माझी खुशाली सांगावी. लागूनच्या घरात पोस्टाने पत्र धाडणं हा द्राविडी प्राणायाम आहे, हे कबूल. पण मी कॅलेंडरसाठी खिळा ठोकला, तुमच्या बाजूचं घड्याळ पडलं, आणि तेव्हापासून पाच महिने आपला अबोला. दारात येऊन काय बोलावं, हे मला खरंच सुचत नाही.

तशात कचेरीत कोशासाठी 'नेबरहुड' (म्हणजे आपला शेजार) हा इंग्रजी शब्द नेमका माझ्याच वाट्याला आला. आमची पद्धत तुम्ही जाणताच: शब्दाचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाचं वेगळं कार्ड, आणि मूळ जुन्या कोशात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही नाही. पहिला तुकडा निघाला 'जवळ', दुसरा 'राहणारा'. दोघं इतकी शतकं एकत्र नांदली की सांधा दिसत नाही (त्यांनी मधे खिळा ठोकला नसावा). शेवटचा 'हुड' मात्र अडला. तो पूर्वी स्वतंत्र शब्द होता, अर्थ 'स्थिती' किंवा 'दर्जा', असं मला पुसट आठवतं. पण आठवणीवर आमच्याकडे सही चालत नाही. तो तुमच्या कपाटातल्या जुन्या कोशाच्या तिसऱ्या खंडात आहे.

शिवाय उदाहरणाचं वाक्य मनाने रचलेलं चालत नाही, कानांनी ऐकलेलं लागतं. म्हणून मी भिंतीला स्टीलचा पेला लावून बसलो (हसू नका, मान अजून धरलेली आहे). तासाभराने तुम्ही ताईला म्हणालात, "त्याचा नळ केव्हाचा गळतोय. वॉशर बदल म्हणावं, कुणीतरी सांगा त्याला!" मी ते कार्डावर उतरवलं. साहेबांनी काट मारली. म्हणाले, यात 'शेजार' हा शब्दच नाही. मी म्हटलं, शब्द नाही, बाकी सगळं आहे. त्यांनी पुन्हा काट मारली.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. तिसरा खंड न्यायला रविवारी सकाळी येऊ का?

आणखी एक: खिळा काढला आहे. तुमचं घड्याळ तसंही दहा मिनिटं मागे होतं, असं मी म्हणायला नको होतं. चुकलंच माझं.

शेवटचं: तो खंड कचेरीतही आहे. 'हुड'वर मी मंगळवारीच सही केली. तरी रविवारी येतो. वॉशर कुठल्या मापाचा लागतो, तेवढं सांगा.