ओळखीत द्यायचं नाही

हिगाशी-कसाई, तोक्यो
१२ जानेवारी २०२५

चि. यामिनीस,
अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण स्वराली सगळं ऐकते आणि संध्याकाळी बाबाला जपानीत सांगते. पाच वर्षांची झाली, पण पोटात काही राहत नाही.

तिच्या वेळचे दोन भ्रूण दवाखान्यात गोठवलेले आहेत, हे तुला ठाऊक आहे. दुसरं मूल नको, हे आमचं ठरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, टाकून द्या किंवा मूळपेशींच्या संशोधनाला द्या. तुझा दादा म्हणतो, टाकू या, विषय संपेल. मला जमत नाही. इथे आपण दुधाचा रिकामा खोकासुद्धा धुऊन, कापून, वाळवून वेगळा ठेवतो.

म्हणून वाटतं, तुझ्याच प्रयोगशाळेला द्यावेत. घरचं घरात राहील, विचारपूस करता येईल. तू एप्रिलमध्ये जर्मनीला जाण्याआधी उरकू. सेंदाईला थंडी फार असेल. हळदीचं दूध पी. न पिता ‘प्यायले’ असं कळवू नकोस.

माया आहे तशीच राहो.
तुझी,
चंद्रप्रभावहिनी

सेंदाई
१९ जानेवारी २०२५

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दूध खरंच प्यायले.

तुमचे भ्रूण मला घेता येणार नाहीत. आमच्याकडे नात्यातलं घेत नाहीत, आणि घेणाऱ्याला देणाऱ्याचं नावही कळू देत नाहीत. शिवाय मी तुमचं मन वळवणं हेच चूक. म्हणून द्या किंवा देऊ नका, यातलं काहीच मी सांगणार नाही. संमतीनंतर काही काळ ते तसेच ठेवतात. तेवढ्यात मन बदललं तर नाही म्हणता येतं. पुढे पेशी तयार होतात आणि भ्रूण उरत नाही. हे कोणी गोड शब्दांत सांगितलं, तर पुन्हा विचारा.

जर्मनीत तर भ्रूणापासून अशा पेशी बनवायला बंदीच आहे. परदेशात, ठरावीक तारखेआधी बनलेल्या मात्र परवानगी काढून आणता येतात. दादाला म्हणावं, आपल्या पुण्याच्या घरासारखंच: अंडं आपल्या गॅसवर नको, शेजारी सामंतकाकूंकडे उकडलेलं चालेल. जर्मनीत फक्त काकूंनी ते कधी उकडलं, हेही विचारतात. हसू येतं, पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते.

राग आला असेल तर तोही कळवावा. लोभ कमी होऊ देऊ नये.
आपली,
यामिनी

हिगाशी-कसाई, तोक्यो
२० एप्रिल २०२५

चि. यामिनीस,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीत नीट पोचलीस, वरणभाताची सोय झाली, हे कळलं.

राग आला होता. घरचं माणूस असून सरकारी कचेरीसारखं लिहिते, असं वाटलं. अंड्याचं वाचून तुझा दादा पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, टाकायला नको.

शेवटी दोघांनी संमती दिली, दुसऱ्याच एका शहरातल्या संस्थेला. मन बदलायची मुदत होती तोवर मी फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. काल मुदत संपली. मी फोन केला नाही.

तुझ्याकडे दिले असते, तर दर वेळी विचारलं असतं, कसे आहेत दोघं? आणि तुला काहीतरी गोड सांगावं लागलं असतं. तो नियम ज्याने केला, त्याला नक्की वहिनी असणार.

लोभ असू दे. तो मात्र ओळखीतच द्यायचा असतो.
तुझी,
चंद्रप्रभावहिनी