जोड्यात अडकलेले दाजी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. कान आधीच धरून लिहितो आहे, तुला तेवढाच त्रास कमी. तुझी कंबर कशी आहे? गोळ्या वेळेवर घेतेस ना? आम्ही इकडे खुशाल आहोत (‘आम्ही’ म्हणजे मी. दाजींचं पुढे येतंच आहे).

पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशननंतर आराम मिळावा म्हणून तू दाजींना माझ्याकडे धाडलंस आणि दगदग होऊ देऊ नकोस असं मला चारचारदा बजावलंस. पण थोडं चाला, असं डॉक्टरच म्हणाले होते, म्हणून काल त्यांना इथल्या संग्रहालयात नेलं. पाणी उपसायची नाना यंत्रं करणाऱ्या एका जुन्या संशोधकाचं हे राहतं घर. तिथे नेमका काल त्याच्या आयुष्यावर कोड्यांचा खजिनाशोध होता. दाजी म्हणाले, नुसतं बघू. (तुझा नवरा तुला माहीत आहे. पाच मिनिटांत छातीवर सात नंबरचा बिल्ला!)

संशोधक कितवीत असताना शाळेतून पळाला, हे पहिलं कोडं. दाजींनी चुटकीसरशी ‘नववी’ सांगितलं आणि ते बरोबर निघालं (स्वानुभव, दुसरं काय). दुसरी चिठ्ठी म्हणत होती, ‘लहानपणी तो ज्यात रमला, ते माळ्यावर आहे.’ बाकीची मंडळी जिना चढून वर गेली. दाजी तडक बागेत गेले आणि तिथल्या माळ्याचे खिसे तपासू लागले. तो बिचारा हात वर करून म्हणाला, “साहेब, मी फक्त झाडांना पाणी घालतो हो!” मी मध्ये पडलो म्हणून थोडक्यात निभावलं.

तिसरी चिठ्ठी, ‘शेवटचं उत्तर संशोधकाच्या जोड्यात.’ काचेची पेटी पुसायला उघडी ठेवली होती आणि आत त्याचा डावा जोडा होता. हात टोकापर्यंत पोचेना, तेव्हा अंगठ्याने चाचपतो म्हणून दाजींनी पाय घातला. पाय गेला. परत आला नाही.

संग्रहालयाच्या बाई धावत आल्या. “अहो, जोडा म्हणजे नवरा-बायको! तो भिंतीवरचा फोटो!” दाजी लंगडत फोटोपाशी गेले. मागे कागद होता: बायकोच्या हाताला दोराचे घट्टे पडले, म्हणून त्याने पहिलं यंत्र केलं. दाजींनी तो दोनदा वाचला. मग हळूच म्हणाले, “आमचा जोडीनं असा एकही फोटो नाही रे.” डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, जोडा चावतोय.

जोडा कापायचा नाही आणि इमारतीबाहेर न्यायचा नाही, असा तिथला नियम. त्यामुळे दाजींचा मुक्काम पहारेकऱ्याच्या खाटेवर पडला. आज सकाळपासून ते दारातल्या खुर्चीत बसून आहेत. लोकांना वाटतं, हेच संशोधक. दाजीही कोणाचं मन मोडत नाहीत.

तुझा (हे वाचेपर्यंत तरी) लाडका,
धाकटा

ता.क. जोडा सकाळीच निघाला. दाजींनी तो पुन्हा घातला. इथे लोक त्यांचं ऐकून घेतात म्हणे!

आणखी ता.क. जोडा परत करताना जबाबदार नातेवाइकाची सही लागते. मी चालत नाही, असं बाईंचं मत पडलं. तेव्हा उद्याच ये (म्हणून तर हे पत्र टपालाने न टाकता आजच माणसाबरोबर धाडतो आहे).

अगदी शेवटचा ता.क. सहीचं मी बनवून लिहिलं. दाजींनी उद्या चार वाजता फोटोवाल्याला बोलावलंय. काहीतरी निमित्त काढून तुला बोलाव, पण फोटोचं सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली आहे. चांगले कपडे करून ये. आणि आल्याबरोबर त्यांच्यावर थोडं ओरड, नाहीतर मी सांगितल्याचं त्यांना कळेल.