कोर्टाचा सीन कापला

शनिवार, ३ जानेवारी
संक्रांतीच्या कार्यक्रमाला सिनेमा ठरला. शंभर वर्षांपूर्वीचा, मुका, विनोदी. इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचे हे, विनयराव, त्यांचीच निवड. 'लग्नावर आहे. आवाज नाही, म्हणजे शिव्या नाहीत. इंडियातून आलेले आईवडीलही एन्जॉय करतील.' पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या माइकवरून मराठीत मी वाचायच्या. त्याआधी ज्येष्ठ जोडप्यांचा सत्कार. त्यात आम्हीही — पंचेचाळीस वर्षं! शाल मिळेल म्हणे.

सोमवार, ५ जानेवारी
अध्यक्षमहाराजांनी सिनेमाची पहिली दहाच मिनिटं पाहिली होती! सेक्रेटरी राजीवने काल पूर्ण पाहिला आणि हादरला. 'काका, यात डिव्होर्स आहे. संक्रांतीला कसं दाखवायचं?' झूमवर तासभर खल. ठराव पास — कोर्टाचा सीन कापायचा. जज्जासमोर नवरा-बायको करवतीने पियानो अर्धा अर्धा करून घेतात. अख्ख्या सिनेमात खरं हसू येतं ते तिथेच. गेलं.

आमच्या घरात हे काम आधीच झालंय. आमची लेक अनया आणि देवचा गेल्या मार्चमध्ये घटस्फोट झाला. विनय मंडळात अजून सांगतो, 'जावई प्रोजेक्टमध्ये बिझी.' इतके महिने एकच प्रोजेक्ट. पिरॅमिड बांधतोय बहुतेक.

शुक्रवार, ९ जानेवारी
अनयाला सत्कारासाठी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून इथे मिशिगनमध्ये, ट्रॉयला यायचं होतं. विनय फोनवर म्हणाला, 'देव कुठे, असं विचारतील सगळे. पुढच्या वर्षी ये.' ती म्हणाली, 'फाइन, बाबा. मग मी येतच नाही. एव्हर.' फोन ठेवला.

मी तिळाचे लाडू वळत होते. माझ्याच लेकीला माझ्याच घरी यायची बंदी! इतका राग आला की लाडू दगडासारखे घट्ट वळले. बोलले मात्र काही नाही. गोड बोलायचे दिवस ना.

शनिवार, १७ जानेवारी
शाल मिळाली. जांभळी, टोचरी. राजीवने आम्हाला 'आदर्श जोडपं' म्हटलं. टाळ्या.

मग सिनेमा. हीरोचं लग्न झालं. भांडण झालं. आणि लगेच त्याच हीरोचं दुसरं लग्न! पहिली बायको तिथेच उभी राहून केक खातेय. नागपूरहून आलेल्या राजीवच्या आई, पद्मिनीताई, उठून उभ्या राहिल्या. 'अहो, पहिली तर जिवंत आहे. मग ही दुसरी कशी?'

विनय माझ्या कानात — 'सांग, ती केक खाणारी बहीण आहे त्याची.'

बहीण? आत्ताच तर मुका घेत होता तिचा!

मी माइकवरच म्हटलं, 'पद्मिनीताई, मध्ये घटस्फोट झाला. कमिटीने तो कापला. आमच्या अनयाचाही मार्चमध्ये झालाय. तोही आम्ही कापून ठेवलाय.'

पद्मिनीताईंनीच विचारलं, 'पोरगी बरी आहे ना पण?'

मला रडू फुटलं, तिथेच, माइकसमोर. इतक्या महिन्यांत विनयने हे एकदाही विचारलं नव्हतं.

रविवार, १८ जानेवारी
काल गाडीत त्याचं एकच वाक्य. 'चारचौघांत नाक कापलंस माझं.'

मंगळवार, २० जानेवारी
अनयाचा फोन. 'आई, तू ये ना माझ्याकडे.' गुरुवारचं विमान मिळालं. विनय म्हणाला, 'लोकांना काय सांगू?'

परतीचं तिकीट काढलेलं नाही. ते त्याने विचारलं नाही.