वीटभट्टीचे तळे आणि एक खवला

खाली सही करणारा मी, सिरिल ऑल्डरशॉ, वय एक्क्याऐंशी, निवृत्त मुद्रितशोधक, राहणार भट्टी कॉटेज, हॅकस्टन फेन, लिंकनशर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. दृष्टी चष्म्यासह पुरेशी आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणण्याचा प्रयत्न दोन पक्षांनी केला, त्यांची नावे योग्य ठिकाणी येतील. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द होतात.

वकील फिलिपा ड्रिंग यांनी मला एक मसुदा करून दिला होता. त्यातील पहिल्या वाक्याचा कर्ता पहिल्या पानावर होता आणि क्रियापद तिसऱ्या. त्यामुळे भाषा माझी आहे. कायद्याच्या अटी तेवढ्या त्यांनी तपासल्या आहेत. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी त्यांचीच नेमणूक करतो.

१. माझे राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक माझा मुलगा नायजेल याला द्यावी. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो घरामागच्या वीटभट्टीच्या तळ्याबद्दल. नायजेलला ते हवे आहे आणि हॅकस्टन मासेमारी मंडळालाही हवे आहे. दोघेही माझ्या मरणाची वाट सभ्यपणे पाहत आहेत.

२. तळे नायजेलला मिळणार नाही. कारण त्यानेच सांगितले आहे. मागील ईस्टरला तो जेवायला आला होता.

"बाबा, हे तळं म्हणजे सोन्याची खाण आहे. ती झुडपं काढली की पन्नास गाड्या सहज लागतील. तिकीट लावायचं, कोपऱ्यात चहा-बर्गर."

"आणि मासे?"

"मासे ट्रकने येतात, बाबा. एकेक वीस पौंड वजनाचा. दिवसभर ज्याला त्याला लागत राहतात, लोक खूश."

"मग त्याला गळ टाकणे का म्हणायचे?"

"तुम्ही काहीही म्हणा हो. आणि तसंही, तुमच्या त्या तळ्यात चार तास बसून बोटभर रोच मासा मिळतो. कोण येणार?"

मी त्याला बटाटे वाढले. त्याच्या बोलण्यात चूक नव्हती. आमच्या तळ्यात चार तासांत बोटभर रोच मिळतो.

३. तळे मंडळालाही मिळणार नाही. मंडळाचा भाडेकरार मुदत संपेपर्यंत चालू राहील; करार मी केलेला आहे आणि तो पाळला जावा. परंतु मंडळाचे चिटणीस नॉर्मन केटलबरो यांनी ट्रकवाल्या माशांची चौकशी नायजेलच्याही आधी केली होती, हे मला ट्रकवाल्यानेच फोन करून सांगितले.

४. तळे, त्याचे काठ, तीन बाजूंची झुडपे आणि पाणी सोडण्याचे दार मी रिशार्ड गाव्रोन, राहणार रस्त्यापलीकडील घर, यांना देतो. हे वाचून मंडळाच्या सभासदांना धक्का बसेल. चार वर्षांपूर्वी याच माणसाला मंडळाने एकमताने काढून टाकले, आणि त्या एकमतात माझेही मत होते. म्हणून हे कलम इतरांपेक्षा लांब आहे.

गाव्रोन पोलंडचे. भाजीच्या कारखान्यात कोबीच्या खात्याचे मुकादम. काठावर गातात, आणि गातात तेही बेसूर. त्यांच्याइतका वाईट गळ टाकणारा मी पाहिलेला नाही. आमिष थोडे आणि वारंवार टाकावे, एका वेळी तीन-चार अळ्या, पण हात थांबू नये, हे त्यांना मी कितीदा सांगितले. ते मक्याचे दाणे बादलीने ओततात. त्यांची फेक अशी की तरंगा पाण्यात कमी आणि माझ्या हॉथॉर्नच्या झुडपात जास्त. माझी पत्नी एव्हिस खिडकीतून पाहून म्हणायची, "आज रिशार्डने दोन फांद्या पकडल्या."

एव्हिस माझ्यापेक्षा चांगली होती. हे गावात सर्वांना ठाऊक आहे, तरी लेखी असावे. तळ्यातल्या सर्वांत मोठ्या कार्प माशाला मंडळ 'म्हातारी' म्हणते. त्या जातीच्या अंगावर खवले मोजकेच असतात. म्हातारीच्या डाव्या बाजूला, पराच्या वर, ओळीने तीन होते, आणि मधला पेअर फळाच्या आकाराचा. मी तिला एकदाही पकडले नाही. एव्हिसने चार वेळा पकडले. प्रत्येक वेळी हात ओले करून, ओल्या चटईवर ठेवून, गळ काढून, पाण्यात धरून, ती आपण होऊन शेपटी मारेपर्यंत थांबून सोडले. नियम तोच आहे. ज्या पाण्यातला मासा त्याच पाण्यात परत जातो.

शेवटच्या हिवाळ्यात एव्हिस खाटेवरून उठत नव्हती. खाट आम्ही तळ्याकडच्या खिडकीशी हलवली होती. अन्न जात नव्हते. नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गाव्रोन यांची पत्नी हालिना निळ्या काठाची पांढरी थाळी झाकून घेऊन आली. त्यांच्याकडे त्या दिवशी कार्प खातात. एव्हिसने दोन तुकडे खाल्ले. तिला त्या महिन्यात दोन घासही गेले नव्हते.

"काटे सांभाळा हं, ताई," हालिना म्हणाली. मग तिने रुमालात गुंडाळलेला एक धुतलेला खवला काढला. "हा पाकिटात ठेवायचा. वर्षभर पाकीट रिकामं होत नाही."

"माझ्या पाकिटाला आता काय काम?" एव्हिस म्हणाली.

"पाकिटाला कळतंय थोडंच?" हालिना म्हणाली. दोघी हसल्या.

खवला पेअरच्या आकाराचा होता. मी तो पाहिला आणि ओळखला. मी सूप गरम करायला स्वयंपाकघरात गेलो. मला काही वाटले नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही; जे घडले ते लिहितो.

जानेवारीत मंडळाची सभा झाली. केटलबरो यांनी गाव्रोन यांना भरलेली बादली घेऊन रस्ता ओलांडताना पाहिले होते.

"मासा नेलास की नाही?" त्यांनी विचारले.

"नेला."

"कोणता?"

"कार्प."

"आम्ही इथे मासे खात नाही, गाव्रोन. आम्ही सोडतो."

"तुम्ही त्याच माशाला दर वर्षी तोंडात गळ मारता, फोटो काढता, सोडता," गाव्रोन म्हणाले. "आम्ही एकदाच मारतो. माशाला विचारा कोण बरं."

कोणीतरी मागून म्हणाले, "परवानगी कोणाची होती?" गाव्रोन यांनी माझ्याकडे पाहिले नाही. छताकडे पाहिले. "कोणाची नाही," ते म्हणाले. मत घेतले गेले. मासा त्याच पाण्यात परत, हे मंडळाच्या नियमावलीतले कलम चार स्पष्ट आहे, त्याचे व्याकरण मीच तपासले होते. मी हात वर केला. तसाच प्रसंग आला तर आजही करीन.

फेब्रुवारीत एव्हिसने विचारले, "रिशार्ड हल्ली गात का नाही?"

मी सांगितले.

तिने खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाली, "अरे, मीच सांगितलं त्याला. कुंपणावरून विचारायला आला होता, नाताळला एखादा मासा घेऊ का म्हणून. म्हटलं घे, पण तीच घे. कुठे बुडबुडे येतात ते इथून मला दिसतं. त्याला म्हटलं, हॉथॉर्नखाली, काठापासून हातभर, अर्धवट उकडलेला बटाटा लाव आणि देवाच्या नावाने गाऊ नकोस. आधी दोन दुसरे लागले, ते मी सोडायला लावले. तिसरी ती."

"पण एव्हिस, म्हातारी?"

"चार वेळा निरोप दिला तिला, सिरिल. पाचव्यांदा द्यायचा कंटाळा आला."

मी तिला विचारले की गाव्रोनने हे सभेत का सांगितले नाही.

"आजारी बाईचं नाव भर सभेत कोण घेईल? तुझं डोकं म्हणजे ना..." तिने वाक्य पुरे केले नाही. मीही केले नाही.

तळे आम्हा दोघांच्या नावावर होते. तिची परवानगी कायदेशीर होती. मंडळाचा नियम मात्र मालकालाही लागू आहे. तो तसा असावा असा आग्रह माझाच होता. त्यामुळे ठराव चुकीचा नव्हता. सभेपुढे आलेली माहिती अपुरी होती. ती आता पुरी केली आहे.

एव्हिस मार्चमध्ये, हंगामाच्या शेवटच्या दिवशी गेली. त्यानंतर मी गळ टाकलेला नाही. जागेवर जाऊन बसतो. काठी जोडतो, तंगूस ओवतो, तरंगा सोडतो, गळ बांधत नाही. सभासद जाता-येता विचारतात, "काय, लागतंय का काही?" मी नाही म्हणतो. ते खरेच असते.

पुढच्या वर्षी जुलैत उष्णता वाढली आणि मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागले. मंडळाने तातडीची सभा बोलावली. ती शनिवारी होती. मंगळवारी सकाळी गाव्रोन कारखान्यातला शेतीचा पंप ट्रॅक्टरला जोडून घेऊन आले आणि तळ्याचेच पाणी उंच उडवून परत तळ्यात पाडू लागले, म्हणजे त्यात हवा मिसळावी. तीन दिवस ते कामावरून सुटले की तिथेच असत. सभासदत्व गेल्यापासून त्यांनी त्या पाण्यात एकदाही काठी धरली नव्हती. मी काठावर गेलो.

"तुम्ही मंडळात नाही," मी म्हणालो.

"मासेही नाहीत, ऑल्डरशॉसाहेब," ते म्हणाले. "जरा ती नळी धरा, वळते आहे."

मी नळी धरली.

तळे त्यांना देण्याचे कारण हे आहे. याहून मोठे कारण मला सापडले नाही आणि मी शोधलेलेही नाही.

५. तळ्यासोबत पुढील इच्छा जोडतो. गळ बिनकाट्याचाच असावा. उन्हाळ्यात मासे पाण्यातल्या जाळीत कोंडून ठेवू नयेत. हात ओले केल्याशिवाय माशाला हात लावू नये. ट्रकने आलेला मासा या पाण्यात सोडू नये. वर्षाला एक कार्प, नाताळच्या जेवणासाठी, मालकाने घ्यावा. मात्र तो तळ्यातला सर्वांत मोठा नसावा. शेवटची अट एव्हिसने घातली नसती. ती माझी आहे.

६. मोरपिसाच्या देठाचे तरंगे, जे मी स्वतः घासून रंगवले, तेही गाव्रोन यांना द्यावेत. त्यांची फेक सुधारेपर्यंत त्यांनी ते वापरू नयेत. माझा अंदाज असा की ते पेटीतच राहतील आणि सुरक्षित राहतील.

७. एव्हिसची बांबूची काठी नायजेलला द्यावी. लहानपणी ती त्याने दाराच्या फटीत मोडली होती. जोड त्याच्या आईने लावला आणि त्याला कधी बोलली नाही. त्याने ती विकू नये. विकलीच तर कोणाला विकली ते मला कळणार नाही.

८. नॉर्मन केटलबरो यांना मी वस्तू देत नाही, माहिती देतो. एव्हिस गेली त्याच वर्षी, जूनमध्ये, हंगामाच्या पहिल्या पहाटे, आपण म्हातारीला पकडून सोडले, असे त्यांनी सांगितले. सोबत कोणी नव्हते, कॅमेरा गाडीत राहिला होता. मंडळाने त्यांना चषक दिला. तो त्यांच्या दिवाणखान्यात आहे. त्या जूनमध्ये म्हातारी तळ्यात नव्हती. त्याआधीच्या नाताळपासून नव्हती. मी त्या समारंभाला हजर होतो आणि टाळ्या वाजवल्या. त्या दिवसांत मला बोलावे असे काही वाटत नसे. चषक परत मागू नये. दर रविवारी त्यांना तो पुसावा लागतो असे त्यांच्या पत्नीने सांगितले होते, तेवढे पुरे.

म्हातारीला शेवटचे पकडले ते एव्हिसने. काठी दुसऱ्याच्या हातात होती.

९. माझ्या राखेबद्दल. सभासदांमध्ये राख आमिषाच्या पिठात कालवून, गोळे करून, आवडत्या जागी टाकण्याची प्रथा आहे. माझी राख कालवू नये. एव्हिसची चर्चमागे पुरली आहे. माझी तिच्या शेजारी पुरावी. मासे मला जिवंतपणी फारसे लागले नाहीत; नंतर त्यांना भुलवण्याचा प्रयत्न करणे योग्य नाही.

१०. स्वयंपाकघरातील वरच्या फळीवर निळ्या काठाची पांढरी थाळी आहे. ती हालिना गाव्रोन यांची आहे. त्या नाताळनंतर ती परत करणे राहिले. दर नाताळला त्या मला जेवायला बोलावतात. त्यांच्याकडे त्या रात्री टेबलावर एक जास्तीचे पान मांडतात, न कळवता येणाऱ्या पाहुण्यासाठी. मी गेलो नाही. थाळी धुतलेली आहे. हे दान नव्हे, परतफेड आहे. म्हणून ती मालमत्तेच्या यादीत धरू नये.

११. माझ्या पाकिटात, नोटांच्या मागच्या कप्प्यात, रुमालाच्या तुकड्यात तो खवला आहे. एव्हिसच्या पाकिटातून मी तो मार्चमध्ये काढून घेतला. चार वर्षे माझ्याकडे आहे. पाकीट रिकामे झाले नाही. बाकी त्याने काय केले ते मला सांगता येत नाही.

मंडळाच्या नियमावलीतले कलम चार अद्याप लागू आहे. फिलिपा ड्रिंग यांनी गाव्रोन यांना बरोबर घेऊन तो खवला तळ्यावर न्यावा. हॉथॉर्नखाली, काठापासून हातभर अंतरावर, पाण्यात परत सोडावा. गाव्रोन यांना गावेसे वाटले तर त्यांना अडवू नये.

हात आधी ओले करावेत.

वरील मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला आणि एका ठिकाणी स्वल्पविराम काढला. पुढील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर स्वतःच्या सह्या केल्या. या मृत्युपत्रातून दोघांनाही काही मिळत नाही. हे मी त्यांना आधीच सांगितले होते, तरीही ते आले.

सही: सिरिल ऑल्डरशॉ

साक्षीदार: एडविन स्नीथ, निवृत्त पोस्टमन, हॅकस्टन फेन
साक्षीदार: थेल्मा पॉकलिंग्टन, ग्रंथपाल, हॅकस्टन फेन

ठिकाण: भट्टी कॉटेज, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: १४ मार्च २०२२