माणूस आत: एक

निशिगंधा मॅडम,

आमच्या कारखान्यात भट्टीपाशी चालणारं ‘माणूस आत’ हे ॲप तुम्ही लिहिलंत, असं कळलं. म्हणून हे तुम्हाला पाठवते आहे. घडलं ते असं:

१. ३ नोव्हेंबरला मी चाकणच्या या कारखान्यात टॅब्लेट सांभाळण्याच्या कामावर लागले.

२. १२ नोव्हेंबरला ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं. त्यासाठी मी बाराही टॅब्लेटच्या वरच्या पट्टीतली चिन्हं लपवली आणि सगळ्या सूचनांचे आवाज बंद केले.

३. त्याच संध्याकाळी मी हे पूर्ववत केलं. अकरा टॅब्लेट झाले. बारावा, भट्टीचा, झाला नाही. मला ते माहीत होतं.

४. १३ नोव्हेंबरला सकाळी १०:४० वाजता ज्योतीराम भट्टी साफ करायला आत गेले. चिन्ह दिसलं नाही. १०:५० ला बर्नर लावला गेला.

५. त्यांना बाहेर काढलं. त्यांचं नाव अजून आत आहे.

माझी रोजनिशी जशी आहे तशी खाली उतरवते. प्रश्न शेवटी आहे.

– वर्षाली

३ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस छान गेला. असं वाक्य मी सहसा लिहीत नाही.

दिघीहून कंपनीची बस सहा चाळीसला. खिडकी मिळाली. मोशी ओलांडल्यावर नदीवर धुकं होतं. ताथवड्याचं कॉलेज सुटल्यावर दीड वर्ष मुलाखती दिल्या. आज गळ्यात ओळखपत्र आहे आणि त्यावरचा फोटोही बरा आला आहे.

कारखाना मोटारींचे पत्र्याचे भाग रंगवतो. रंगवलेले भाग साखळीला लटकून एका लांब भट्टीतून जातात आणि रंग पक्का होतो. प्रत्येक यंत्रापाशी भिंतीवर एक अँड्रॉइड टॅब्लेट आहे. बारा टॅब्लेट, आणि ती माझी जबाबदारी. विभागाचे प्रमुख निरंजन सर म्हणाले, की या पडद्यांवर नुसती जत्रा भरलेली असते, तेवढी आवरा.

घरमालकीण सुभद्राबाईंनी हातावर साखर ठेवली. दिघीतलं त्यांचं जुनं शेतकरी घर, मी वरच्या खोलीत भाड्याने. कंपनीत नेमकं काय करतेस, असं त्यांनी विचारलं. पडद्यावर काय दिसावं आणि काय दिसू नये ते ठरवते, असं सांगितलं. ह्याचा बी पगार देत्यात व्हय, म्हणाल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

सगळे टॅब्लेट जुने, एकाच जातीचे. सेटिंगमधलं दातेरी चाक थोडा वेळ दाबून धरलं की ते गरकन फिरतं आणि एक लपलेला विभाग उघडतो. वरच्या पट्टीत कोणतं चिन्ह दिसावं, कोणत्या ॲपच्या सूचनेला शून्य ते पाच यांतला कोणता दर्जा द्यावा, सगळं तिथे ठरतं. शून्य म्हणजे ती सूचना येतच नाही. तिथेच डेमो मोड आहे. तो लावला की पट्टीत भरलेली बॅटरी, पूर्ण रेंज आणि एक ठरलेली वेळ दिसते. बाकी चिन्हं गायब. जाहिरातीसाठी पडद्याचे फोटो काढायला केलेली सोय.

भट्टीच्या टॅब्लेटवर ‘माणूस आत’ आहे. भट्टीत शिरणाऱ्याच्या गळ्यात एक बिल्ला असतो. तो आत गेला की पट्टीत माणसाचं लाल चिन्ह येतं, खाली नाव आणि वेळ. कामगार त्याला बाहुला म्हणतात. बाहुला वर असेपर्यंत बर्नरला हात लावायचा नाही. बिल्ल्यावर एक बटण आहे. आतल्या माणसाने ते दाबलं की टॅब्लेट वाजतो आणि ‘हाक’ अशी सूचना येते.

हे मला ज्योतीराम यांनी दाखवलं. भट्टी साफ करणारे, लातूरकडचे, चाळिशीचे. एकदा आत जाऊन त्यांनी बटण दाबलं, बाहेर येऊन विचारलं, ‘वाजलं का मॅडम? न्हाई, बायको म्हणती तुमी हाक मारली तरी कुणाला ऐकू जात न्हाई.’ मग म्हणाले, असाच एक बाहुला घरी लावून द्या, मी घरात हाय का बाहेर हे तिला तरी कळंल. मी हसले नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नसावं, त्यांनी मला चहा आणून दिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे मला नवीन. सुभद्राबाई म्हणाल्या, ‘आज समदी एमआयडीसी झोपलेली असती. तू बी झोप.’ झोपले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या ऑडिट. भिंती रंगवल्या, जमिनीवर पिवळे पट्टे ओढले. बर्नरच्या स्विचला पूर्वी कुलूप लावायची कडी होती. साफ करणारा कुलूप लावून किल्ली खिशात घालून आत जायचा. टॅब्लेट आल्यापासून कडी रिकामी होती. वाईट दिसते म्हणून आज ती कापून काढली आणि त्या जागी रंग दिला.

निरंजन सरांना सगळ्या पडद्यांवर एकसारखी स्वच्छ पट्टी हवी आहे. बाहुल्याचं काय, असं मी विचारलं. ऑडिटच्या दिवशी भट्टीत कोणी जात नाही, म्हणाले. बरोबर होतं. बाराही टॅब्लेट डेमो मोडवर, सगळे आवाज बंद.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ऑडिट उत्तम. पाहुण्यांपैकी एकाने पडद्यांचा फोटो काढला. निरंजन सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

सव्वापाचला जागेवरूनच वायफायने सगळं पूर्ववत करण्याची आज्ञा पाठवली. उत्तर आलं: बारापैकी अकरा. भट्टीच्या पत्र्यामुळे तिथे रेंज तुटते. तिथे चालत जायला चार मिनिटं लागतात. बस पाच वीसला होती. उद्या गुरुवार, कारखाना बंद. शुक्रवारी सकाळी पहिलं काम हेच, अशी नोंद केली आणि बस पकडली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कपडे धुतले. पावणेएकला निरंजन सरांचा फोन आला.

भट्टीची सफाई गुरुवारीच होते. चालू भट्टीत कोण जाणार? कारखान्यात हे सगळ्यांना माहीत होतं. इतकं माहीत, की मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सफाईनंतर भट्टी लावून बघायची असते. भट्टी चालवणारे मालोजी बर्नरच्या पॅनेलवर होते. त्यांनी नेहमीसारखं वर पाहिलं. बाहुला नव्हता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

साडेसातला भट्टीपाशी गेले. टॅब्लेटवर अजून ऑडिटची पट्टी होती. भरलेली बॅटरी, पूर्ण रेंज.

सूचनांचा इतिहास उघडला. येऊन गेलेली प्रत्येक सूचना तिथे चोवीस तास राहते, कोणी पाहिलेली असो वा नसो. ओळी अशा होत्या:

१०:४० माणूस आत: १. ज्योतीराम.
१०:५२ हाक.
१०:५२ हाक.
१०:५३ हाक.

शेवटची ११:०९ ची. एकूण चौदा.

नऊ वाजता निरंजन सरांना दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, बिल्ला न घालता माणूस आत गेला, असा अहवाल गेला आहे. यात आधी तुझं नाव येईल, मग माझं. तू काही करू नकोस, फक्त थांब.

मी फोटो काढला नाही. टॅब्लेटसमोर उभी राहिले. १०:४० ला पहिली ओळ गेली, १०:५२ ला पहिल्या दोन हाका. मग एकेक. ११:०९ ला यादी रिकामी झाली.

मग मी डेमो मोड काढला. बाहुला वर आला.

माणूस आत: १. ज्योतीराम. २४ तास ३१ मि.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भट्टी थंड आहे, दार सताड उघडं. बिल्ला त्यांच्या अंगावरच वितळला, ते मालोजींनी पाहिलं. दारावरचा सेन्सर बदलला. ॲप काढून पुन्हा टाकलं. टॅब्लेट पुसून कोरा केला. बाहुला आहे.

१०:५२ ला इतिहासात ‘हाक’ आली. ११:०९ पर्यंत चौदा. एकही मिनिट इकडेतिकडे नाही.

मी आत जाऊन उभी राहिले. आकडा दोन झाला नाही, कारण माझ्याकडे बिल्ला नव्हता. आत कोणी नव्हतं. हे मी नीट पाहिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ज्योतीराम यांच्या पत्नी जयमाला फाटकावर आल्या होत्या. मी बसमधून उतरत होते. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, की टॅब्लेटवाली मॅडम तीच.

रडत नव्हत्या. म्हणाल्या, ‘ताई, लोक म्हणत्यात बिल्ला घातला नव्हता. त्यांनी मला बटनाचं सांगितलं होतं. त्यांनी दाबलं होतं का, एवढंच सांगा. मला दुसरं काय नको.’

मी सांगितलं, तशी नोंद नाही.

गुरुवारची नोंद आता खरोखर नाही. शब्दाला शब्द बरोबर उत्तर होतं. त्यांनी मान हलवली. काहीतरी चुकल्यासारखं माझ्याकडे बघत राहिल्या, जणू चूक त्यांचीच होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भट्टी सुरू करायची होती. मालोजींनी नाव वाचलं आणि हात मागे घेतला. माणूस आत दिसतोय तर मी बटन दाबणार न्हाई, म्हणाले. दुसऱ्यानेही नकार दिला.

निरंजन सरांनी मला बोलावलं. मालोजींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, की हा सॉफ्टवेअरचा दोष आहे, मॅडम आत्ता काढतील.

दातेरी चाक दाबून धरलं. ‘माणूस आत’, दर्जा शून्य. चिन्ह लपवा. खबरदारी म्हणून बाराही टॅब्लेटवर.

लगेच गेला. त्याला जणू एवढंच हवं होतं.

भट्टी पेटली. १०:५२ ला माझ्या खिशात माझा स्वतःचा फोन थरथरला. त्यात हे ॲप नाही. कधीच नव्हतं.

हाक.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल सुट्टी. भट्टी बंद. खोलीत बसले होते. तरी चौदा.

फोन बंद करून पाहिला. तो १०:५२ ला आपोआप सुरू होतो. सुभद्राबाईंनी विचारलं, एवढं कोण बोलावतंय, उचल की. कंपनीतलं आहे, म्हटलं.

१९२ तास.

दोन हाकांमधली अंतरं मी लिहून काढली. सुरुवातीला काही सेकंद. मग वाढत जातात. तेराव्या आणि चौदाव्यात सहा मिनिटं आहेत. सहा मिनिटं ते — पुढचं लिहीत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

माणूस आत: २.

ज्योतीराम. १३ नोव्हेंबर, १०:४०.
कोंडाजी. २७ नोव्हेंबर, १०:४१.

माझ्या फोनवर. टॅब्लेटवर काही नाही, तिथे मी लपवलं आहे.

कोंडाजी कोण ते शोधलं. शनिवारी लागलेला. काळेवाडीत राहतो. ज्योतीराम यांच्या जागी. येत्या गुरुवारी पहिली सफाई. कँटीनमध्ये पोहे खात होता.

दर्जा शून्यावरून पाच केला. चिन्ह दाखवा. बाहुला येत नाही. खराखुरा बिल्ला गळ्यात घालून आत गेले, तरी येत नाही. ॲप काढलं, टाकलं. बाराही टॅब्लेट पुसले. पट्टी स्वच्छ. लपव म्हटलं ते ऐकलं, दाखव म्हटलेलं ऐकत नाही.

निरंजन सरांना सांगितलं. म्हणाले, चालतंय ना, मग हात लावू नकोस.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कोंडाजीला गाठलं. गुरुवारी आत जाऊ नकोस, म्हटलं. का ते विचारलं त्याने. तुझं नाव आलंय, एवढंच निघालं तोंडून. हसला. ‘मॅडम, आमचं नाव पहिल्यांदाच कुठल्या तरी यादीत आलं, आन तुमी खोडायला निघालात व्हय.’ मग गंभीर झाला. काम सोडणार नाही म्हणाला. तीन महिने घरी बसून काढलेत.

मालोजींना सांगितलं. बाहुला दिसला तर थांबेन, म्हणाले. दिसला तर.

कडी पुन्हा लावा, कुलूप मी आणते, असं सरांना लिहून दिलं. पुढच्या ऑडिटनंतर बघू, असं उत्तर. आणि माझा गुरुवारचा प्रवेश बंद केला आहे. फाटकावरच्या माणसाने यादी दाखवली.

जयमालाबाईंचा नंबर मिळवला. सांगायचं होतं, दाबलं होतं, चौदा वेळा. लावला नाही.

१०:५२ — चौदा झाल्या.

११:०९ नंतर आज थांबलं नाही. ११:१० — हाक. दुसऱ्या नावाखाली. कोंडाजी समोर उभा आहे, साखळीला भाग लावतोय, गळ्यात बिल्ला नाही, आणि त्याच्या नावाखाली — ११:११ — ११:११ —

त्याने आत्ता वर पाहिलं. मला हात केला. मी —

निशिगंधा मॅडम, तुमच्या ॲपमध्ये आत गेलेल्याचं नाव कोणत्या अटीवर कमी होतं, ते मला हवं आहे. दोन्ही नावं काढणं शक्य नसेल तर दुसरं नाव कसं काढायचं, तेवढं सांगा. उत्तर बुधवार, २६ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत द्यावं.